कोल्हा अजून ओला आहे

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला दुसऱ्या मजल्यावरचे दिवे गेले. खाली आणि वर उजेड होता. बाहेर आठवडाभर पाऊस लागून राहिला होता, पण या प्रकरणात दोष पावसाचा नव्हता.

जिन्यातल्या फ्यूजच्या पेटीपाशी समोरासमोरच्या दोन दारांतून दोन माणसं आली. एका दारातून ती, केसांत पेन्सिल खोचलेली, मोबाइलचा उजेड पुढे धरून. दुसऱ्या दारातून तो. त्याच्या एका हातात हेअर ड्रायर होता, दुसऱ्या हातात कोल्ह्याचं डोकं. कागदाच्या लगद्याचं, ओलंगच्च.

"तुम्ही काय लावलं होतं?" तिने विचारलं.

"ड्रायर. तुम्ही?"

"कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटरने दिवे जातात?"

"माझ्या कॉम्प्युटरने जातात. त्याचा वेग वाढवलाय मी, बनवणाऱ्यांनी ठरवून दिलाय त्यापेक्षा जास्त. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मग वीज जास्त खातो, तापतोही जास्त."

"किती तापतो?"

तिच्या यंत्राची इतक्या आस्थेने आजवर कुणी चौकशी केली नव्हती. "मागून गरम वारा येतो. तुमच्या ड्रायरसारखाच... का?"

तो कोल्ह्याकडे बघत राहिला.

तो लहान मुलांच्या नाटकांसाठी मुखवटे करायचा. शनिवारी प्रयोग होता आणि दमट हवेत लगदा वाळत नव्हता. वाळल्याशिवाय रंग लागत नव्हता. ती चित्रांना चालायला लावायची. एका स्टुडिओने तिच्याकडे एक मिनिटाची फिल्म मागितली होती, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. आवडली तर नोकरी, आयुष्यातली पहिली. एक हत्ती दोरखंडांच्या पुलावरून पलीकडे जातो, एवढीच गोष्ट. चित्रं काढून झाली होती. आता कॉम्प्युटरला एकेक चौकट सावल्या-उजेडासह तयार करायची होती. नेहमीच्या वेगाने ते काम गुरुवारी रात्री उशिरा संपलं असतं. हाताशी थोडा वेळ असावा म्हणून तिने प्रोसेसरला टाच मारली होती.

दोन्ही घरांची लाइन एकच. ड्रायर आणि कॉम्प्युटर एकत्र चालणार नव्हते. म्हणून कोल्हा तिच्या खोलीत आला आणि कॉम्प्युटरच्या मागे, गरम वाऱ्याकडे नाक करून बसला.

तिच्या आत्याने हे सगळं दारातून पाहिलं. आत्याचं आयुष्य इस्पितळात नर्स म्हणून गेलं होतं. तिने पुढे येऊन कॉम्प्युटरच्या पेटीला हाताची पालथी बाजू लावली.

"ताप आहे ह्याला. किती?"

"ब्याऐंशी," ती म्हणाली.

"माणूस असता तर मी डॉक्टरांना नाही, नातेवाइकांना बोलावलं असतं."

बुधवारी सकाळी तो कोल्ह्याची विचारपूस करायला आला. कोल्हा खडखडीत वाळला होता. त्याने येताना दोन ससे आणले होते. पंख्याची घरघर इतकी होती की बोलायला खुर्च्या जवळ ओढाव्या लागल्या.

"समजा, झेपेल त्याहून जास्त पळवलं," त्याने विचारलं, "तर काय होतं?"

"स्वतःला वाचवायला आपणच बंद पडतो. ते बरं. त्याहून वाईट म्हणजे बंद पडत नाही. चालत राहतो आणि चुका करतो. बारीक. चटकन दिसत नाहीत अशा."

"ओळखीतली दोन-चार माणसं आहेत माझ्या तशी. आणि सगळ्यात वाईट?"

"कायमचा जातो."

"हे माहीत असून करता?"

"घाई असली की माणूस करतो..." तिने पेन्सिल केसांतून काढली आणि पुन्हा तिथेच खोचली. "तुमच्या हनुवटीला लगदा लागलाय."

त्याने पुसला. लगदा दुसऱ्याच बाजूला होता. तिने दाखवला नाही. दिवसभर राहू दिला.

दुपारी तिला हत्तीच्या कानावर हिरवे ठिपके दिसले. तिने ते काढलेले नव्हते. ही खूण तिला ठाऊक होती. तिने मुकाट्याने वेग पूर्वपदावर आणला, ठिपक्यांच्या चौकटी पुन्हा करायला लावल्या, आणि ठिपके गेले. अजूनही गुरुवारी संध्याकाळपर्यंत काम होणार होतं.

संध्याकाळी त्याने यंत्रामागे तळहात धरला. "आज वारा गार आहे."

"वेग उतरवला. चुका करायला लागला होता."

"बरं केलंत." त्याने सशांना काखेत घेतलं. "नाट्यगृहात मोठे पंखे आहेत, तिकडे नेतो हे सगळं. उगाच तुमची अडचण."

"अडचण कसली..." ती म्हणाली. मग तिने जे म्हटलं त्याला काहीही आधार नव्हता. "सकाळपर्यंत तापेल तो. आणा तुम्ही."

तो गेल्यावर तिने वेग पुन्हा वाढवला. ठिपके येतात का, हे उद्या बघू असं ठरवलं. आत्या विणकामातून मान वर न करता म्हणाली, "हत्तीला घाई झाली वाटतं."

"हो."

"हत्तीलाच ना?"

गुरुवारी सकाळी राजा आला, राणी आली, ससे आले, आणि कोल्हाही आला. सगळ्यांना वारा मिळावा म्हणून दोघांनी ते यंत्रामागे अगदी चिकटवून रचले.

"कोल्हा कालच वाळला होता ना?" तिने विचारलं.

"पुन्हा ओला झाला."

"घरात?"

"कोल्ह्यांचं काही सांगता येत नाही."

दोघं खुर्च्यांवर पुढे वाकून बोलत होते. तो सांगत होता, राजाचं नाक मुद्दाम वाकडं केलंय, सरळ नाकाच्या राजाला मुलं हसत नाहीत. ती हसत होती. तेवढ्यात पंखा थांबला. पडदा काळा झाला. घरघर गेली तरी दोघं तसेच वाकलेले राहिले, आणि इतक्या जवळ बसायचं आता काही कारण उरलेलं नाही, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

तिने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मग ती टेबलामागे गेली. राजाची दाढी वारा बाहेर पडायच्या जाळीवर सपाट बसली होती, राणी तिला टेकली होती, आणि गरम हवेला जायला वाट नव्हती.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"नुसत्या दाढीने नाही झालं. मी काल वेग पुन्हा वाढवला."

"का? चुका करत होता ना?"

"वारा गार होता म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही नाट्यगृहात जाणार होतात म्हणून."

त्याने राजाच्या दाढीवरून बोट फिरवलं. "कोल्हा..." तो म्हणाला. "कोल्ह्याला मी स्पंजने ओला केला. आज सकाळी."

"रंगवायचा सोडून?"

"रंगवला असता तर आणता आला नसता."

तेवढ्यात आत्या आत आली. तिने पेटीला हात लावून बघितला. "ओली पट्टी..."

"नको, आत्या."

"मग खिडकी उघडा. आणि पेशंटभोवतीची गर्दी कमी करा. त्या राजालाही उठवा."

दुपारी निवल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला. तिने नेहमीचा वेग लावला आणि केलेलं काम तपासलं. बुधवार संध्याकाळनंतरच्या प्रत्येक चौकटीत हत्तीला हिरवे ठिपके होते. सगळं नव्याने करायचं होतं. बारापर्यंत जमेल का, या प्रश्नावर ती खरं तेच बोलली — माहीत नाही.

शुक्रवारी सकाळी तो रंगाचे डबे घेऊन आला आणि तिच्याच जमिनीवर मुखवटे रंगवायला बसला. मधूनमधून उठून पुठ्ठ्याने यंत्राला वारा घालत होता.

"त्याची गरज नाहीये," ती म्हणाली. "आत पंखा आहे. तू नुसता बस."

'तू' आत्याच्या कानावर पडला. विणकामाची सुई क्षणभर थांबली.

"हात रिकामे ठेवता येत नाहीत मला," तो म्हणाला. "उद्या प्रयोगाला येशील?"

"हत्ती पोचू दे."

"आणि नाही पोचला तर?"

तिने पडद्यावरून नजर काढली नाही. पण त्याच्या हातातल्या पुठ्ठ्याचं दुसरं टोक धरलं.

साडेअकराला हत्ती पुलाच्या टोकापासून चार पावलांवर होता. कानावर ठिपके नव्हते. यंत्रामागचा वारा कोमट होता आणि पाऊस चालूच होता. राजा, राणी आणि ससे रंगवून झाले होते. कोल्हा वाळून तयार होता, पण त्याला अजून रंगाचं एक बोटही लागलं नव्हतं.