श्वासावरचा ठेका

बिरदेव आता ढोलकी वाजवत नव्हता, खोकी उचलत होता. मानसिंगरावांनी पुण्याहून कीबोर्ड आणला आणि त्यांच्या इंदापूरच्या ऑर्केस्ट्रातली ढोलकी, क्लॅरिनेट, पेटी, सगळी त्या एका फळीत जाऊन बसली. बटण दाबलं की ठेका आपोआप सुरू. वाजवायला त्यांचा एकटा पुतण्या, रविराज, पुरत होता. बाकीचे घरी गेले. बिरदेव हमालीवर राहिला. या वयात दुसरीकडं कोण घेणार?

गायला मात्र अजून सारजाबाईच होती. तिला दमा. तिचा श्वास कुठं तुटतो हे बिरदेवच्या बोटांना पाठ होतं. तो ठेका जरा लांबवायचा, तेवढ्यात ती श्वास भरून घ्यायची, लोकांना पत्ताही लागायचा नाही. मशीन थोडंच थांबतंय? अलीकडं तिच्या ओळी सुटायला लागल्या होत्या.

"एवढं लगीन बघतो, सारजाबाई," मानसिंगराव म्हणाले होते. "मग नवी पोरगी आणावी लागंल."

ते लग्न भवानीनगरला होतं, भर दुपारी. कारखान्याच्या मळीचा वास मांडवात भरून राहिला होता. दुसऱ्या कडव्याला सारजाबाईचा दम तुटला. बिरदेवनं मान खाली घातली.

आणि ठेका थांबला.

तिनं श्वास आत ओढला, तसा बरोब्बर समेवर पुन्हा सुरू झाला. सारजाबाईनं चमकून बिरदेवकडं पाहिलं. त्याच्या हातांत वायरीची भेंडोळी होती. रविराजचे हात तर हवेतच राहिले होते.

मग ती अशी गायली, की वाढपी वाढायचं विसरले. पण गाणं संपलं, ठेका संपेना. रविराजनं बटण दाबलं, शेवटी वायरच उपटली. आवाज बारीक झाला, एवढंच.

"तात्या, करंट न्हाय... तरी वाजतंय," तो बिरदेवला म्हणाला.

बिरदेवनं कान लावला. पलीकडं सारजाबाई पाणी पीत होती. घोटासाठी तिचा श्वास अडला, की आतला ठेकाही अडत होता.

"मी गाण्यासाठी थांबायचो, पोरा," तो हळूच म्हणाला. "ह्ये... नुसतं तिच्या श्वासावर चाललंय. तिला सांगू नगंस."

परतताना टेम्पोत त्यानं कीबोर्डचं खोकं मांडीवर घेतलं. सारजाबाई दमून स्पीकरला टेकली आणि झोपली. दोन्ही बाजूंनी ऊस. तळव्याखाली मंद ठेका. सणसर मागं पडलं आणि ठेका थांबला.

बिरदेवनं वाट पाहिली. तिची छाती हलत नव्हती.

"सारजाबाई... ओ सारजाबाई..."

मान नुसती कलंडली. काय करावं सुचेना, तशी त्याची बोटं खोक्यावर आपोआप पडायला लागली. तिनं खर्रकन श्वास ओढला. सुटलो म्हणून त्यानं हात उचलला, तर छाती पुन्हा थांबली. मग त्यानं हात उचललाच नाही.

इंदापूरला ती जागी झाली. पदर सारखा करत उतरली.

"लई गाढ झोप लागली बघ. उतर की, बिरदेव. दमलास व्हय?"

"तू हो पुढं."

ती गल्लीनं गेली. रविराज खोकं घ्यायला आला, तसं बिरदेवनं नुसत्या मानेनं नको म्हटलं. बोटं ठणकत होती. लांब तिनं घराचं दार उघडलं, आत गेली, कडी लावली.

खोक्यातला ठेका परत सुरू झालाच नव्हता; आता तिचा श्वास कधी थांबला, हे कळायची सोय उरली नव्हती. बिरदेव वाजवत राहिला.