कासवाचा एक पाय

भर हायवेवर ब्रेक मारला तेव्हा तिच्या मनात फक्त कासव होतं. आरसा, मागची गाडी, व्हॅनमधला तीन मजली केक हे सगळं तिला नंतर आठवलं, आणि तोवर मागून धाडकन आवाज झाला होता.

व्हॅन एक हिसका खाऊन थांबली. आत व्हॅनिलाचा असा काही घमघमाट सुटला, की केकचं काय झालं ते तिला मागे न वळताच कळलं. लग्नाचा केक होता. मावशीने जीव ओतून त्यावर साखरेची फुलं लावली होती.

मावशीच्या बेकरीतले केक घरोघरी पोचवायचे हे तिचं काम. सगळे तिला केकवालीच म्हणत आणि तिला ते आवडायचं. दिवसभर ओट्याशी उभं राहून पीठ मळण्यापेक्षा हातात स्टिअरिंग आणि खिडकीतून वारा, याहून सुख ते कोणतं! फक्त एक खोड होती. रस्त्याच्या आसपास मांजर, कुत्रं, बदक, काहीही हललं की तिचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. त्यापायी व्हॅनला आधीच दोन पोचे पडले होते. मावशीने बजावून ठेवलं होतं, "आता एक ओरखडा जरी आला ना, तर किल्ली माझ्या कमरेला आणि तू माझ्या डोळ्यांसमोर!"

ती खाली उतरली. मागे एक छोटी गाडी होती, टपावर 'शिकाऊ चालक' अशी पाटी. स्टिअरिंगवर पांढऱ्या केसांच्या एक बाई ताठ बसलेल्या. त्यांच्या बाजूचं दार उघडून एक उंच तरुण धावतच आला.

"लागलं का कुठे? मान दुखतेय? चक्कर वगैरे…?"

"नाही… मी ठीक आहे. आणि तुम्ही?"

"आम्ही ठणठणीत. बाई, ठीक आहात ना?"

"मी ब्रेक दाबला होता!" गाडीतून खणखणीत आवाज आला. "म्हणजे… दाबणारच होते."

बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटली तरी स्वस्थ बसवेना म्हणून गाडी शिकायला निघालेल्या. तो त्यांना शिकवणारा, ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर. त्याने मागे लाल त्रिकोण उभा केला, दोन्ही गाड्या कडेला घेतल्या, आणि हे सगळं करताना एकदाही आवाज चढवला नाही. ती मात्र बोलणी खायची तयारी करून उभी होती.

"थांबलात कशासाठी?" त्याने शेवटी विचारलं.

ती व्हॅनच्या पुढे गेली आणि दोन्ही हातांत कासव घेऊन आली.

"याच्यासाठी."

तो वाकला. कासवाच्या डोळ्याला डोळा लावून म्हणाला, "साहेब, एवढी कसली घाई होती?"

कासवाने मान आत घेतली.

"बघा, पसार झाले. आता जबाब कोण देणार?"

ती खुदकन हसली. एवढा केक मातीत गेला आणि आपण हसतोय काय, असं वाटून शरमली, आणि मग आणखीच हसली. उताराखाली पाण्याचं डबकं होतं. तिथे कासवाला सोडायला दोघं मिळून गेले. उतार निसरडा होता म्हणून त्याने हात पुढे केला… वर आल्यावर तो सोडायला हवा हे दोघांच्याही जरा उशिराच लक्षात आलं.

त्याच संध्याकाळी विमा कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "जनावर तुमच्या गाडीसमोर आलं होतं का?"

खरं म्हणजे कासवाने पुढचा एक पाय तेवढा रस्त्यावर ठेवला होता. बाकी सगळं कासव गवतात होतं. तिच्या चाकाखाली यायला त्याला बराच वेळ लागला असता. पण समोर मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हो… समोर आलं," ती म्हणाली.

दोन्ही गाड्या एकाच गॅरेजमध्ये गेल्या. गॅरेजवाला आज देतो, उद्या देतो करायचा आणि ती रोज संध्याकाळी चौकशीला जायची. तोही यायचा. गॅरेजबाहेर एक मोडका बाक होता. ती बेकरीतली तुटकी बिस्किटं आणायची, तो थर्मासमध्ये कॉफी. एकाच झाकणातून दोघं आळीपाळीने प्यायचे.

"गाडी झाली का हे फोनवरही विचारता येतं," ती एकदा म्हणाली.

"मग तुम्ही का नाही विचारत?"

"माझ्या फोनला रेंज नसते."

"माझ्याही," असं म्हणत त्याने वाजणारा फोन खिशात टाकला.

तिने मान खाली घालून बिस्किटाचे आणखी तुकडे केले. कान मात्र तापले होते.

"तुमचे धडे बुडत असतील ना?" तिने विचारलं.

"मित्राच्या गाडीवर भागवतोय. किती दिवस भागेल कुणास ठाऊक. शिकवणी चालू असताना स्टिअरिंगवर कुणीही असो, जबाबदारी शिकवणाऱ्याची. विमावाल्यांनी सगळी चूक आमच्या पदरात टाकली तर माझं शिकवायचं लायसन्स वर्षभर बंद."

तिने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. "पण तुमच्या बाजूलाही ब्रेक असतो ना?"

"असतो. पण मी पाय आवरून धरतो. प्रत्येक वेळी मीच दाबला तर शिकणाऱ्याचा पाय कधीच तयार होत नाही. त्या दिवशी वाटलं, बाई दाबतील… दाबतील… क्षणभर जास्तच वाट पाहिली मी." तो तिच्याकडे बघून हसला. "तुमची काही चूक नाही हं. प्राणी समोर आल्यावर थांबणारच माणूस. मी तर बाईंना तुमचंच उदाहरण देतो."

त्यापेक्षा त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. अपघाताच्या दिवशी तो बाईंना कसा सांभाळून घेत होता, ते तिने पाहिलं होतं. घाबरलेल्या माणसाशी तो इतक्या मऊपणे बोलायचा, की बघणाऱ्याचाही जीव थाऱ्यावर यावा. ते काम त्याच्यापासून हिरावलं जाणार होतं, तेही तिच्या एका शब्दापायी. आता सांगावं, असं रोज तिच्या अगदी ओठांवर यायचं. तो कॉफीचं झाकण पुढे करायचा, बोटांना बोटं लागायची, आणि शब्द परत पोटात जायचे.

विमा कंपनीने सगळ्यांना चौकशीला बोलावलं, त्या दिवशी सकाळी तिने आपल्याकडची व्हॅनची किल्ली मावशीच्या पिठाने माखलेल्या हातावर ठेवली.

"आज मी खरं सांगणार आहे. कासव कडेला होतं."

मावशी उसळली. "अगं, मागून ठोकणाऱ्याची चूक असते हे शेंबडं पोरही सांगेल! तोंड उघडू नकोस, विम्याचे पैसे येतील, व्हॅन तुझीच राहील. कोण कुठला तो मास्तर!"

"कोण कुठला नाही गं मावशी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मावशीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "असं आहे होय," एवढंच ती पुटपुटली. किल्ली मात्र तिने कमरेला खोचलीच.

संध्याकाळी विमा कंपनीच्या साहेबांनी टेबलावर हायवे मांडला होता. व्हॅनच्या जागी स्टेपलर, मास्तरच्या गाडीच्या जागी चष्म्याचं घर आणि कासव म्हणून खोडरबर. खोडरबर स्टेपलरच्या बरोबर पुढ्यात होतं. शेजारच्या खुर्च्यांवर तो आणि मुख्याध्यापिका बाई बसले होते.

"असंच ना?" साहेबांनी विचारलं.

तिने हात पुढे केला आणि खोडरबर टेबलाच्या पार कडेला सरकवलं.

"एक पाय रस्त्यावर होता. बाकी सगळं गवतात."

तो आपल्याकडे बघतोय हे तिला न बघताही जाणवत होतं.

"म्हणजे थांबायची गरज नव्हती?"

"नव्हती. वेग कमी करून पुढे गेले असते तरी चाललं असतं. मी आरशात पाहिलं नाही. कासव रस्त्यावर येईल या भीतीने भर हायवेवर जागच्या जागी थांबले. आणि फोनवर तुम्हाला खोटं सांगितलं."

"उशिरा दिलंस, पण उत्तर बरोबर आहे," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

"तरी अंतर आम्ही राखायला हवं होतं," तो हळूच म्हणाला. "त्यात माझी चूक आहेच."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग निकाल दिला. चूक दोघांची, निम्मी निम्मी. तिच्या व्हॅनचा निम्मा खर्च तिने सोसायचा. मास्तरला समज देण्यात येईल, लायसन्स चालू राहील.

तिला मोकळं वाटलं. बाहेर पायऱ्यांवर बाई "मास्तर, उद्या वेळेवर या" म्हणून निघून गेल्या. आता दोघंच उरले.

"म्हणजे त्या बाकावर बसून…" तो म्हणाला.

"हो."

"रोज?"

"रोज वाटायचं, आज सांगू. मग तुम्ही कॉफी द्यायचात…"

"म्हणजे चूक कॉफीची?" तो म्हणाला, पण हसला नाही.

"नाही, माझीच. आधी व्हॅन जाईल म्हणून बोलले नाही. नंतर व्हॅनचं काही वाटेनासं झालं. खरं कळलं तर तुम्ही त्या बाकावरून उठून जाल, याची भीती वाटायला लागली." तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं. "मला तुम्ही आवडता. फार आवडता. आता सगळं सांगून झालंय. जायचं असेल तर जा."

तो गेला. खरंच गेला. पायऱ्या उतरून सरळ चालू लागला. तिने हाक मारली नाही, डोळेही पुसले नाहीत. कोपऱ्यावर पोचल्यावर तो थबकला. डोकं खाजवत तिथेच घुटमळला, आणि तरातरा परत आला.

"राग आलाय मला."

"माहीत आहे."

"त्या रागातच निघालो होतो. पण कोपऱ्यावर गेलो आणि कळेना, जायचं कुठे. रोज या वेळेला मी तुझ्याकडेच येतो." त्याने एक मोठा श्वास घेतला. "आणि माझी गाडी गेल्या सोमवारीच दुरुस्त झाली."

ती बघतच राहिली. "काय? पण गॅरेजवाला तर म्हणाला…"

"मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. सकाळी शिकवायला घेऊन जायचो आणि संध्याकाळी तू यायच्या आत परत आणून लावायचो. वर ताडपत्री घालून."

"आणि तो मित्र? त्याची गाडी?"

"मित्राकडे सायकल आहे."

तिला एकदम हसू फुटलं आणि रडूही. काय पुसावं आणि काय लपवावं तेच तिला कळेना. मग त्यानेच रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि हात तसाच धरून ठेवला.

"राग अजून आहे हं," तो म्हणाला.

"किती दिवस राहील?"

"असं कसं सांगता येईल?" तो आता हसत होता. "रोज भेटून बघावं लागेल."