रिठाची माती

रविवारी सकाळी आम्ही तिघं बसायचो ते वजनकाट्याजवळ. जालन्याच्या बाहेर, देऊळगाव राजा रस्त्याला हा काटा आहे. बाजूला लिंबाचं झाड, झाडाखाली दोन बाजा. गाड्या ओळीनं उभ्या करायच्या, चहा सांगायचा आणि दुपार होईपर्यंत एकमेकांची टिंगल करायची. मी राधाकिसन, माझा एक टिप्पर. आदिनाथचाही एकच, पण जुना. सोमेश्वरचे दोन, आणि त्यातला एक नुकताच घेतलेला. त्यामुळं त्याच्या तोंडाला त्या दिवसांत ब्रेक नव्हता.

"एसी केबिन हाय म्हणलं," सोमेश्वर त्या रविवारी सांगत होता. "बायकोला म्हणलं, चल, तुला रविवारचं फिरवून आणतो. नटूनथटून बसली. नेलं खडी केंद्रावर."

"मंग?"

"मंग काय, दोन दिवस डबा न्हाई."

आदिनाथ हसला, पण त्याचं लक्ष नव्हतं. काट्याच्या मागं हाकेच्या अंतरावर त्याचा प्लॉट होता. घराचं जोतं बांधून झालं होतं, आता आत भरायला माती पाहिजे होती. मुरूम मिळेना. मिळाला तर लांबचा. दुसऱ्यांच्या घरांना पंधरा वर्षं मुरूम टाकला आणि स्वतःच्या जोत्याला मिळत नाही, हे त्याला फार लागलं होतं. घाई होती ती आईसाठी. बायनाबाईंना सात-आठ वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. गाडीचा हॉर्न कानाशी वाजवला तरी त्या वळून बघायच्या नाहीत. भाड्याच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसायच्या. आपल्या दारात बसली तर येणारंजाणारं तरी दिसेल, असं आदिनाथ म्हणायचा.

तेव्हा मी बोललो. त्याचा दोष माझ्यावर आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

"टेंभुर्णीकडं माझ्या शेताला लागून एक टेकाड हाय," मी म्हणालो. "पांढरी माती. दाबली की दगडासारखी बसते. तू आज तिकडं क्रश सँड टाकायला चाललाच ना? येताना गाडी रिकामीच येणार."

त्या टेकाडाला आमच्याकडं रीठ म्हणतात. कधीकाळी तिथं गाव होतं. कशानं उठलं ते कुणाला ठाऊक नाही. घरं बसली, भिंती विरघळल्या आणि त्यांचं टेकाड झालं. तिथली माती गावातले लोक पाटीभर नेतात, धाब्याच्या घरांच्या छपरावर टाकायला. गाडीभर कुणी नेली नव्हती. पण माझ्या डोक्यात त्यात काही वावगं आलं नाही. माती ती माती.

मी आदिनाथबरोबर गेलो. खाली गावात क्रश सँडची वाळू टाकून बारा वाजता टेकाडावर पोचलो. वैशाखाचं ऊन. लांबपर्यंत एक पाखरू नव्हतं. फोन करून बोलावलेल्या जेसीबीवाल्यानं पहिलं बकेट मारलं आणि मला वास आला. तव्यावरून काढलेल्या भाकरीचा. गोवऱ्यांच्या धुराचाही. मी इकडंतिकडं बघितलं. एवढ्यात कुठं चूल पेटलेली असणं शक्य नव्हतं. मातीत खापराचे तुकडे निघत होते, एक पाट्याचा दगड निघाला. प्रत्येक बकेटला वास वाढत गेला.

गाडी भरत आली तेव्हा सोनूमावशी बांधावर येऊन उभी राहिली. शेजारच्या शेतात तिची झोपडी, एकटी राहते.

"कुठं चालली म्हणायची माती?" तिनं विचारलं.

"जालन्याला, मावशी. याच्या घराला."

"सांगितलं का यांना?"

"कुणाला?"

कपाळावर हात धरून तिनं गाडीच्या मागच्या हौद्याकडं बघितलं. "पाटी नेली तर काई न्हाई रे बाबा. पण तू गाडी आणली. गाडी पाह्यली की माणसं बसतातच ना."

आदिनाथनं गाडी सुरू केली. मला वाटतं, त्यानं ऐकलं नसावं.

येताना चढाला गाडी दुसऱ्या गिअरलाच रडायला लागली. आदिनाथ म्हणाला, माती ओली असेल. ती धुळीसारखी कोरडी आहे हे त्यालाही दिसत होतं. चारच्या सुमाराला प्लॉटवर हौदा उचलला, माती धपकन जोत्यात पडली. पांढरा धुरळा उठला, खाली बसला. प्लॉट बघायला आलेल्या बायनाबाई कडेला विटांच्या थप्पीच्या सावलीत बसल्या होत्या. आदिनाथनं त्यांना खुणेनंच सांगितलं, आलोच चहा पिऊन.

तिथून काट्यापर्यंत रिकामी गाडी आणताना तो सारखा गिअर खाली टाकत होता. सोमेश्वर अजून तिथंच होता. आदिनाथ झाडाखाली उतरला आणि म्हणाला, "सोम्या, गाडी ओढून न्हाई राह्यली. भरल्यासारखी चालती."

"म्हातारी झाली," सोमेश्वर म्हणाला. "इक आता. न्हाई तर काट्यावर चढव, किती जाडी झाली बघू."

नुसती मजा म्हणून गाडी काट्यावर चढवली. काटा चालवणारा प्रेम खिडकीत बसला होता. आदिनाथच्या रिकाम्या गाडीचं वजन त्याला पाठ होतं, अकरा टन दोनशे किलो. बाहेरच्या बोर्डावर लाल आकडे आले. तेरा हजार सहाशे पन्नास.

"कोण उभं हाय काट्यावर?" प्रेम ओरडला.

कुणी नव्हतं. आदिनाथही खाली उतरून आमच्याजवळ उभा होता. सोमेश्वर चाकावर पाय देऊन वर चढला, हौद्यात डोकावला. मूठभर पांढरी धूळ, बाकी काही नाही. तो हसत हसत खाली उडी मारून काट्याबाहेर आला, एवढ्यात बोर्डावरचा आकडा हलला.

तेरा हजार सहाशे.

"पन्नास कमी झाले," प्रेम म्हणाला.

मग तेरा हजार पाचशे चाळीस. मागच्या स्प्रिंगचे पाटे कुरकुरले, गाडी बोटभर उचलल्यासारखी झाली. मग चारशे नव्वद. मग चारशे ऐंशी.

"हे दहाच..." प्रेमचा आवाज बारीक झाला. "दहा किलो म्हणजे..."

त्याला घरी वर्षाची मुलगी होती.

आकडा एकेका माणसाच्या वजनानं उतरत राहिला. पन्नास. साठ. चाळीस. वीस. मध्ये थांबायचा, म्हाताऱ्या माणसाला खाली उतरायला वेळ लागावा तसा, आणि पुन्हा उतरायचा. दर वेळी पाटा वाजायचा, हौद्याच्या मागच्या फळक्यावरून चिमूटभर धूळ गळायची. काट्याच्या तोंडाशी एक कुत्रं झोपलेलं असायचं. ते उठलं, बाजूला झालं. बसायला गेलं, पुन्हा उठून बाजूला झालं. भुंकलं नाही. गर्दीत वाट द्यावी तसं ते भिंतीला चिकटून उभं राहिलं आणि त्याची मान एकामागून एक काहीतरी जाताना बघावं तशी फिरत होती... आदिनाथच्या प्लॉटकडं.

मला आजही वाटतं, हौदा उचलला तेव्हा माती पडली, पण ती माणसं घाबरून कशाला तरी धरून बसली असतील. गाडी सपाटीला थांबल्यावर उतरली.

अकरा हजार दोनशेवर आकडा थांबला.

"माय तिकडं एकटी हाय," आदिनाथ म्हणाला आणि पळत सुटला.

आम्ही मागोमाग पोचलो. उन्हं कलली होती. बायनाबाई आता विटांच्या सावलीत नव्हत्या. जोत्याच्या मधोमध त्या पांढऱ्या मातीवर मांडी घालून बसल्या होत्या. मान हलवत होत्या. एकदा डावीकडं वळायच्या, एकदा उजवीकडं.

"हाव... हाव. बसा की. घर तुमचंच हाय," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "न्हाई, लेक एकच. एकुलता."

आठ वर्षांत मी त्यांना कुणाला उत्तर देताना ऐकलं नव्हतं. लोक ओठ हलवायचे, त्या तोंड फिरवायच्या.

आदिनाथ मागं उभा होता. त्यानं हळूच म्हटलं, "माय."

त्या लगेच वळल्या. "आलास? एवढी माणसं घेऊन यायची तर सांगायचं न्हाई का? पाणी कुठून पुरंल? लेकरांना आधी पाजलं मी."

बांधकामावर मारायच्या पाण्याची टाकी सकाळीच भरलेली होती. मी जाऊन बघितली. तळाला गेलेली. आजूबाजूची जमीन कोरडी ठणठणीत.

आदिनाथ मातीवर चढला, आईचा हात धरला. त्याचा चेहरा मला नीट दिसत होता. भीती होतीच, पण त्याहून वेगळंही काही होतं. "माय, तुला ऐकू येऊन राह्यलं?"

"न यायला काय झालं?" बायनाबाई म्हणाल्या. "हे सगळे बोलतात त्यातच तूबी बोलून राह्यला."

सोमेश्वरनं मला बाजूला ओढलं. त्याची सगळी मस्करी गेली होती. "राधाकिसन, माती तिथली तिथं न्यायची. उद्या सकाळीच. माझीबी गाडी घ्या."

त्या संध्याकाळी आदिनाथ आईशी खूप बोलला. मला नंतर त्यानं सांगितलं. बाप कसा गेला ते विचारलं, लहानपणी ती म्हणायची ती गाणी विचारली. ती सगळ्याला उत्तर देत होती. अंधार पडायच्या आत तो तिला खोलीवर घेऊन गेला तेव्हा ती म्हणाली, "मी यांच्यासंग जाती रे. तिकडं मला सगळं ऐकू येतं." तसा तो बाहेर आला. मला फोन केला आणि म्हणाला, "सकाळी सहाला जेसीबी सांग."

सोमवारी माती भरली. जेसीबीनं उचलली, खालची आम्ही खोऱ्यानं खरवडली, शेवटी सोमेश्वरनं आपल्या हातानं झाडू मारला. मग प्रश्न आला सांगायचा. आदिनाथ हौद्यापुढं उभा राहिला, त्याला लाज वाटत होती. घसा खाकरून म्हणाला, "चला... गाडी निघाली. ज्यांना जायचं त्यांनी बसून घ्या." कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं पाटे वाजायला लागले.

बायनाबाईंनी रिक्षा करून प्लॉट गाठला होता. रिक्षा कुणी ठरवून दिली, कळलं नाही. त्या सरळ केबिनकडं गेल्या आणि पायरीवर पाय ठेवला. "माझी जागा धरलीय त्यांनी," म्हणाल्या. आदिनाथनं त्यांना उचलून खाली घेतलं. त्यांनी त्याला मारलं, त्याच्या दंडाला चावल्या. मी त्यांना माझ्या घरी नेलं, माझ्या बायकोच्या, दैवशालाच्या ताब्यात दिलं आणि बाहेरून कडी लावायला सांगितली. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचा आवाज येत होता.

निघताना प्रेमनं खिडकीतून विचारलं, "काटा करायचा का?"

तिघंही एकदम म्हणालो, "नको."

टेकाडावर खड्ड्यात माती ओतली. हौदा वर करून अर्धा तास तसाच ठेवला. गाडी हळूहळू वर येत गेली. सोनूमावशी बांधावर उभी होती, आधीसारखाच कपाळाला हात. शेवटचा पाटा वाजला तशी ती म्हणाली, "आले बघ सगळे." मग आदिनाथकडं वळली. "म्हातारीला आणलं न्हाई ते बराबर केलं. हे तिला सोडणार नव्हते."

म्हातारीबद्दल आम्ही तिला काहीच सांगितलं नव्हतं.

आम्ही परत आलो तेव्हा बायनाबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. दैवशालानं मागून ताट आपटून बघितलं होतं. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. आदिनाथनं महागाचा मुरूम टाकून घर पुरं केलं, दारात त्यांच्यासाठी ओटा बांधला. त्या ओट्यावर बसल्या, पण लेकाशी बोलल्या नाहीत. आजही बोलत नाहीत. मला एकदाच म्हणाल्या, "तिथं मला नाव घेऊन हाक मारत होते रे. हितं कोण मारतं?" उत्तर दिलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं.

रविवारी आम्ही अजून बसतो. गाड्यांचं बोलतो, खडीचं बोलतो. सोमेश्वर टिंगल करतो, आदिनाथ हसतो. पण एक गोष्ट मी त्या दोघांना सांगितलेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी एकटाच शेतावर गेलो होतो. सोनूमावशी महिनाभरापासून लेकीकडं परतूरला गेलेली, झोपडीला कुलूप. सहज टेकाडावर चढलो. आम्ही माती ओतली होती तिथं एक कोपरा सपाट केलेला होता, एका खोलीएवढा, आणि शेणानं सारवलेला. भर दुपारच्या उन्हात ते सारवण ओलं होतं. बोटांच्या अर्धगोल खुणा स्पष्ट दिसत होत्या.

आमच्या घरातल्या बायका सारवताना आतून सुरुवात करतात आणि मागं सरकत सरकत दाराशी येतात. ओल्यावर पाय पडू नये म्हणून. इथं खुणा बाहेरच्या, उघड्या बाजूनं सुरू झाल्या होत्या आणि आत आत जात टेकाडाच्या पोटाला जिथं मातीची भिंत होती, तिथं संपल्या होत्या. सगळ्या सारवणावर परत बाहेर येणारं एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.