टेकडीची फेरी

टॉर्च बंद कर, अंगद. असल्या गोष्टी उजेडात सांगत नसतात.

ही तृप्तीची गोष्ट. माझ्या शाळेत शिकवायची ती. तिनंच मला सांगितली, आणि एकदाच. घडली ती सन दोन हजार चोवीस, नोव्हेंबरची चोवीस तारीख, रविवार. वद्य नवमी, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत चंद्र नाही.

जाफराबादेहून तासाभरावर एक टेकडी आहे. नाव विचारू नका. पायथ्याच्या फाटकापासून वर जायला चांगली फरशीची वाट केलेली. एका अंगानं चढायचं, माथ्यावर कठड्याला टेकून खालची गावं बघायची, दुसऱ्या अंगानं उतरायचं, की पुन्हा त्याच फाटकाशी. पाऊण तासाची फेरी. बाया, लेकरं, म्हातारी माणसं, सगळी जातात.

तृप्ती, तिचा नवरा कल्याण आणि सहा वर्षांची राजनंदिनी अशी फेरी करून सहाच्या सुमाराला खाली आले. गाडीवर बसताना लक्षात आलं, पोरीचं स्वेटर वर कठड्यावरच राहिलं.

"राहू द्या हो. अंधार पडून राह्यलाय," तृप्ती म्हणाली.

"जल्दी घेऊन येतो. तुम्ही बसा इथंच."

दहा मिनिटं गेली. वीस गेली. शेवटची माणसंही उतरून निघून गेली. फाटकाशी या दोघीच. साडेसहाला फोन वाजला.

"स्वेटर सापडलं," कल्याण म्हणाला. "पण तू कशाला वर आलीस? अन् पोरीला घेऊन इतकी पुढं पळू नको ना. थांब जरा."

तृप्तीला वाटलं, मस्करी करतोय.

"आम्ही फाटकापाशीच बसलोत, अहो."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. चालणाऱ्या माणसाचा.

"मंग... ह्या पुढं कोण चालून राह्यल्यात?"

"त्यांच्याकडं बघू नका. खाली या. बिलकुल थांबू नका."

"खालीच येऊन राह्यलो, तृप्ती. मघापासून खालीच येऊन राह्यलो. उतरतो... अन् कठडाच येतो."

तृप्ती उठली. वर जावं, तर पोरीला कुणापाशी ठेवावं? सोबत न्यावं, तर... तिनं राजनंदिनीचा हात धरला. दोन पावलं टाकली.

"येऊ नको," तो म्हणाला. तिनं काही सांगितलंच नव्हतं. "मी बोलावलं तरी येऊ नको."

मग फोनमधून एक आवाज आला. बारीक. ओळखीचा.

"पप्पा, चला ना."

तृप्तीनं खाली पाहिलं. राजनंदिनी तिचा हात धरून उभी होती. तोंड मिटलेलं.

"हो," कल्याण म्हणाला. अगदी थकलेला. "आलो."

...

आठ वाजता गावातली माणसं बॅटऱ्या घेऊन चढली. टेकडी ती केवढीशी! झुडूप न् झुडूप पाहिलं. नंतर पोलिसांनी चार दिवस शोधलं. कल्याण नाही. अजून नाही. तृप्तीनं नोकरी सोडली. दर रविवारी त्या फाटकाशी जाऊन बसते. वर चढत नाही. "हाक येते का, तृप्ती?" मी विचारलं होतं. तिनं पदर कानांवर ओढून घेतला.

माथ्यावर मिळाले ते फक्त त्याचे बूट. कठड्यापाशी, जोडीनं ठेवलेले. तृप्तीनं लगेच ओळखले. दिवाळीला घेतलेले, महिनाही झाला नव्हता.

हवालदारानं ते उलटे करून पाहिले.

दोन्ही तळ झिजून आरपार गेले होते.