चौदा नंबर स्थिर

साथ सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. मी नेहमीप्रमाणे पावणेआठला घरातून निघाले. पिशवीत डबा, चष्मा आणि बोर्ड पुसायचं फडकं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. माझ्याच चपलांचा आवाज मागून कुणी येत असल्यासारखा वाटत होता, आणि दोनदा मी वळून पाहिलंसुद्धा. भिऊन नाही. मी भिणाऱ्यातली नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटायची शक्यता आहे.

एका जुन्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर मी एकतीस वर्षं बसले. शाळा चौथीत सुटली. नीट वाचायला शिकले ती औषधांच्या रिकाम्या खोक्यांवरून, आणि बोर्ड शिकले आधीच्या ऑपरेटरबाईंच्या खांद्यावरून बघून बघून. कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणाचे उपकार नाहीत. एकतीस वर्षांत एक फोन चुकीच्या जागी जोडला नाही आणि जोडलेला एक फोन चोरून ऐकला नाही. मोठ्या मोठ्या डॉक्टरांना "आधी नमस्कार म्हणा, मग नंबर सांगा" असं सुनावलेलं आहे. माझ्या पाठीमागे सगळे मला 'तोफ' म्हणत. मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

गाड्या बंद झाल्यामुळे माझ्या हाताखालच्या दोन्ही मुली येऊ शकत नव्हत्या. मी रुग्णालयाच्या मागच्याच गल्लीत राहणारी. तेव्हा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी एकटीच.

फाटकावरचा वॉचमन कपाळाला तापमापक लावता लावता म्हणायचा, "आजी, तुमचं वय बघता तुम्ही घरी बसायला पाहिजे."

"तुझं तोंड बघता तू पण," मी म्हणायची.

जिन्याखाली माझी खोली. बिनखिडकीची. समोर बोर्ड, त्यावर दिव्यांच्या रांगा. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेजवळ एक फोन, आणि तो कुणी उचलला की त्या खाटेचा दिवा माझ्यासमोर लागायचा. पूर्वी हे दिवे दिवसभर लुकलुकत. आता नातेवाइकांना आत येण्याची बंदी होती, वर पडलेल्यांच्या अंगात फोन उचलायचं बळ नव्हतं, आणि सिस्टर लोक डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये. त्यामुळे आतले दिवे विझलेले आणि बाहेरची लाइन मात्र श्वास घेऊ देत नव्हती. सगळ्यांचा एकच प्रश्न. आमचा माणूस कसा आहे?

त्यावर मेट्रननं तोडगा काढला. रोज सकाळी वॉर्डातून एक यादी खाली यायची. खाटेचा नंबर आणि पुढे एकच शब्द. स्थिर, गंभीर किंवा सुधारणा. मी तेवढाच वाचायचा, पदरचं काही घालायचं नाही. खाट रिकामी झाली असेल तर नंबरावर आडवी रेघ. वॉर्डातला कागद म्हणजे त्या दिवसांत विंचवासारखा. म्हणून धुलाईखात्यातला इस्त्रीवाला आधी त्या यादीवर इस्त्री फिरवायचा आणि मग ती माझ्या हाती यायची, कडक, कोमट, भाजक्या कागदाचा वास असलेली. आज हसू येतं. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

चौदा नंबरच्या खाटेवर एक निवृत्त बसड्रायव्हर होते. त्यांची बायको रोज दुपारी तीनला फोन करायची. घरी फोन नव्हता. शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलायची, म्हणून घाईघाईनं, दबक्या आवाजात.

"ताई, आमचे हे... चौदा नंबर."

"स्थिर, वहिनी."

"बरं." आणि ठेवून द्यायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, स्थिर म्हणजे काय हो? मी म्हटलं, "म्हणजे आहे तिथेच आहेत. मागे नाही, पुढे नाही." त्यावर ती हसली. "म्हणजे स्टॉपवर गाडी उभी. घंटी मिळाल्याशिवाय हे हलायचे नाहीत."

मग तो गुरुवार. आठ वाजले, नऊ वाजले, यादी आली नाही. मागाहून कळलं की इस्त्रीवाल्याला ताप आला म्हणून पहाटेच त्याला बाजूला ठेवलं होतं, आणि यादी त्याच्या टेबलावर तशीच पडून होती. मी वर फोन लावला, कुणी उचलला नाही. बाहेरच्या लाइनवर माणसं रडत होती. एकतीस वर्षांत "मला माहीत नाही" हे वाक्य मी बोर्डावर बसून उच्चारलं नव्हतं. ते मला कमीपणाचं वाटायचं. मी बुधवारची यादी पुढ्यात ओढली आणि वाचायला सुरुवात केली.

तीन वाजता ती आली लाइनवर.

"ताई, आज मला एक गाडीवाला सोडतो म्हणतोय. परवानाही मिळालाय. लांबून, काचेतून तरी बघू देतील का? येऊ का?"

मी यादीत पाहिलं. चौदा, स्थिर.

"कशाला उगीच जीव धोक्यात घालता? स्थिर आहेत. घरी बसा मुकाट्यानं."

"तुम्ही म्हणता म्हणजे..." ती म्हणाली. "बरं."

पाच वाजता खरी यादी आली. इस्त्री न केलेली, चुरगळलेली. चौदावर आडवी रेघ होती. ते पहाटेच गेले होते. चार वाजेपर्यंत त्यांना मागच्या काचेपाशी ठेवलं होतं, घरचं कुणी आलं तर बघता यावं म्हणून. चारला गाडी आली आणि घेऊन गेली.

मी वर वॉर्डातल्या धाकट्या सिस्टरला फोनवर गाठलं. "घरी कळवलंत?"

"सकाळपासून लावतेय हो. फॉर्मवर नातेवाइकांचा म्हणून जो नंबर आहे ना, तो आपलाच आहे. तुमच्या बोर्डाचा. भरताना कुणी घोटाळा केला देव जाणे."

म्हणजे ती बाई फक्त माझ्या कानाशी बांधलेली होती. तिनं फोन केला तरच तिला कळणार, आणि सांगणारी मी.

रात्रभर मी वाक्यं जुळवली. वहिनी, वाईट बातमी आहे. वहिनी, काल जरा घोळ झाला. दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला लाइन वाजली.

"ताई, आमचे हे?"

तोंड उघडलं. डोळ्यांसमोर ती काच आली, आणि काचेच्या अलीकडे कुणीच नाही. "येऊ का?" विचारणाऱ्या बाईला मी दटावून घरी बसवलं होतं. मी, जी कुणाची चूक खपवून घेत नाही.

"स्थिर," मी म्हणाले.

आदल्या दिवशी चूक झाली होती. हे मात्र पाप, आणि जाणूनबुजून. त्याला दुसरं नाव मी अजून शोधलेलं नाही.

तिनं फोन ठेवला, आणि आतल्या रांगेत एक दिवा लागला. चौदाचा.

वाटलं, नवीन पेशंट आला असेल. मी लाइन घेतली. आधी नुसती घरघर ऐकू आली. जड, एकसारखी, लांबून येणारी. ऑक्सिजनची असेल, मी मनाशी म्हटलं. मग एक पुरुषाचा आवाज आला, अगदी सभ्य.

"बाई... मी कसा आहे?"

मी हेडफोन कानाशी घट्ट दाबला.

"कोण बोलतंय?"

"चौदा नंबर. इथे कुणी सांगत नाही हो... तुमच्याकडे यादी असते म्हणे. मी कसा आहे?"

मी लाइन तोडली. दिवा विझला नाही. धाकट्या सिस्टरला फोन लावला आणि आवाज शक्य तितका करडा करून विचारलं, "चौदाचा फोन कुणाच्या हातात आहे?"

"चौदाचा?" ती म्हणाली. "खाट रिकामी आहे. आणि फोन काढलाय काल, जंतुनाशकात बुडवायला. इथे माझ्यासमोर बादलीत पडलाय."

शनिवारी मी आले तेव्हा दिवा लागलेलाच होता. फडक्यानं पुसला, त्याची काच गरम होती. दहाच्या सुमाराला सिस्टर जिन्यापर्यंत खाली आली आणि लांबूनच म्हणाली, "मावशी, एक विचारू? हसू नका. चौदावर सकाळी नवीन पेशंट घातला, म्हातारा आहे, शुद्धीवर आहे. झोपायलाच तयार नाही. म्हणतो, कुणीतरी आधीच झोपलंय. जरा सरका म्हटलं तर सरकत नाहीत..."

"तापात बरळत असेल."

"मीही तेच म्हटलं." प्लास्टिकच्या मागे तिचे डोळे फक्त दिसत होते. "मग चादर बदलायला हात लावला. मधोमध खळगा पडलाय मावशी. गार. कितीही ओढली तरी चादर सपाट होत नाही..."

ती गेली. मी त्या दिव्याकडे बघत बसले. आहे तिथेच आहेत, मागे नाही, पुढे नाही. हा अर्थ मीच सांगितला होता. माणूस गेला होता, आणि मी त्याच्यावर तो शब्द ठेवला होता, एकदा चुकून आणि एकदा मुद्दाम, कागद उडू नये म्हणून त्यावर वरवंटा ठेवावा तसा.

तीन वाजले.

"ताई, आमचे—"

"वहिनी, थांबा. मला बोलू द्या, नाहीतर पुन्हा जमायचं नाही. ते गेले. गुरुवारी पहाटे. मी तुमच्याशी खोटं बोलले."

पलीकडे शेजाऱ्यांच्या घरात भांडं पडल्याचा आवाज आला.

"गुरुवारी मी विचारलं होतं," ती म्हणाली. "येऊ का म्हणून."

"हो."

"तेव्हा ते गेलेले होते?"

"हो. काचेपाशी होते. चार वाजेपर्यंत."

"आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"नव्हतं. माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटली. आणि काल ठाऊक होतं."

तिनं शिव्या घालाव्यात म्हणून मी वाट बघत होते. शिव्या मला पेलतात. ती म्हणाली, "एवढा मोठा आवाज तुमचा ताई, म्हणून मी विश्वास ठेवला," आणि माझी मान खाली गेली ती अजून नीट वर आलेली नाही.

मग तिनं विचारलं, "त्यांना सांगितलंत का?"

"कुणाला?"

"ह्यांना. गेलेत म्हणून." तिचा आवाज साधा होता, डबा भरला का विचारावं तसा. "सांगितल्याशिवाय हे उठायचे नाहीत. घरातून कामावर निघतानासुद्धा दारात उभे राहायचे. मी निघा म्हटल्यावर पाऊल उचलायचे. सवयच तशी... तुम्ही जोडून द्या मला."

खाटेवर फोन नव्हता, तो बादलीत होता. पण दिवा लागलेला होता. आणि दिवा लागलेला असेल तर जोडता येतं, हे मला बोर्डानं शिकवलं होतं. मी जोडलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवला, कारण चोरून ऐकायचं नाही. तरी मांडीवरून ती घरघर येतच होती, आणि आता मला कळलं ती कशाची. उभ्या गाडीच्या इंजिनाची. सुरू, पण हलत नसलेल्या.

ती काय बोलली मला माहीत नाही. थोडाच वेळ बोलली. मग इंजिनाचा सूर बदलला, जड गाडी गिअर टाकल्यावर बदलतो तसा, आणि त्या बिनखिडकीच्या खोलीत माझ्या पावलांशी डिझेलचा वास येऊन गेला. बाहेरच्या लाइनवर तिनं फोन ठेवला. चौदाचा दिवा अजून लागलेलाच. तोडण्यासाठी मी हेडफोन कानाला लावला.

"निघतो, बाई," तोच सभ्य आवाज, जरा लांबून. "तुम्ही एवढ्यांचं सांगता... तुम्ही कशा आहात?"

जीभ ही सवयीची गुलाम. दिवसात शंभर वेळा वळलेली. विचार यायच्या आत शब्द बाहेर पडला.

"स्थिर."

दिवा विझला.

तो नवीन म्हातारा त्या खाटेवर शांत झोपला आणि बरा होऊन घरी गेला. वहिनींचा फोन पुन्हा आला नाही. फॉर्मवरच्या पत्त्यावरून शेजाऱ्यांचा नंबर शोधून मी दोनदा लावला, दोन्ही वेळा कुणीतरी म्हणालं, "तुमच्याशी बोलायचं नाही म्हणतात." बरोबरच आहे. मी मेट्रनला सगळं लिहून दिलं, नोकरी सोडली. तिनं वाचून एवढंच म्हटलं, "सगळ्यांकडूनच चुका झाल्या हो." ही क्षमा मी घेतलेली नाही.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मला कधी साधी सर्दी झालेली नाही. तपासायला जाते तेव्हा डॉक्टर रक्तदाब मोजतात आणि दर वेळी तोच आकडा निघतो, वहीतल्या आधीच्या नोंदीशी ताडून बघतात. लेक म्हणते, आई, तुला वय शिवत नाही, काय खातेस ते मला पण सांग. मी तिला खरं कारण सांगत नाही. धाकट्या सिस्टरला एकदा हात दाखवले होते. ती कितीतरी वेळ माझी बोटं हातात धरून बसली आणि मग उठून गेली.

त्या शनिवारपासून मी नखं कापलेली नाहीत. कापायची वेळच आलेली नाही.