आगर कोण विसरलं?

ऑटोक्लेव्ह दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक लॅबमध्ये पाऊल टाकणार, तोच आतून आवाज आला, "चपला बाहेर!"

"बूट आहेत, मॅडम."

"मग बूट बाहेर."

आवाजाची मालकीण वजनकाट्यापुढे बसून साखर मोजत होती. बाटल्यांत वाढणाऱ्या इवल्या रोपांचा खाऊ तीच शिजवायची. साखर, क्षार आणि सगळं घट्ट व्हावं म्हणून आगर. लॅबमध्ये तिला काटेवाली म्हणत. वजनकाट्यामुळे, असं तोंडावर सांगत.

मेकॅनिक मोज्यांवर आत आला. एका मोज्यातून अंगठा डोकावत होता. तिने पाहिलं. तिने पाहिलेलं त्याने पाहिलं.

"तुमचा कुकर कुठाय?"

"कुकर नाही तो. वाफेने जंतू मारतो."

"आणि माणसं?"

"अजून पाहिलं नाही... आज बघू."

साधा वॉशर बदलायचा, पण गड्याने सगळी सकाळ लावली. एरवी कामचुकारांवर खेकसणारी काटेवाली मात्र गप्प. पातेल्यातल्या वाफेने तिचा चष्मा धुरकटला, तेव्हा त्याने रुमाल पुढे केला.

"निर्जंतुक आहे?"

"इस्त्रीचा आहे. मीच केली."

"का? घरी कुणी... नाही?"

"आई आहे. ती माझ्या कपड्यांना हात लावत नाही."

"शहाण्या आहेत," ती म्हणाली आणि उगाचच पातेलं ढवळत राहिली.

दुपारी मशीनची चाचणी म्हणून तिच्याच बाटल्या आत गेल्या. बाहेर काढून गार झाल्यावर लॅबच्या मोठ्या बाईंनी एक तिरकी केली. आतलं डुचमळलं.

"हे काय, सरबत? रोपं पोहायला सोडायची का यात?" बाई मेकॅनिककडे वळल्या. "मशीन जास्त तापलं, म्हणून घट्ट झालं नाही ना?"

काटेवालीचा चेहरा पडला. तिचा घाणा कधीच बिघडला नव्हता. मेकॅनिकने एकवार तिच्याकडे पाहिलं.

"हो, बाई. माझीच चूक..."

"मग पुन्हा येऊ नका. मी दुसरा मेकॅनिक बघते."

तो हत्यारांची पिशवी भरू लागला. ती गप्प बसली, तर तिचं नाव शाबूत राहत होतं. आणि हा — कायमचा जात होता.

"मशीन ठीक आहे, बाई," ती म्हणाली. "मी आगर घातलंच नाही."

"विसरलीस? तू?"

"हे सारखे बोलत होते..."

"मग गप्प बसवायचं ना!"

"बसवावंसं... वाटलं नाही."

बाईंनी दोघांना आळीपाळीने न्याहाळलं. "तू नवा घाणा लाव. आणि अहो, तुम्ही! एवढ्या बाटल्या धुऊन मगच जायचं."

त्याने बाह्या सरसावल्या. शेजारी उभी राहून ती ओल्या बाटल्या पालथ्या घालू लागली.

"खोटं का बोललात?"

"तुमचा चेहरा बघवेना. तुम्ही खरं का बोललात?"

"दुसरा मेकॅनिक नको होता." ती खाली बघतच म्हणाली, "नीट धू रे, फेस राहतोय."

त्याचा हात थबकला. "काय म्हणालात?"

"ऐकलंस की!"