बावन्नावे पान

पुस्तकबांधणीचे काम सोडून बाबांना नऊ वर्षे झाली होती, तरी बोटांना खळीचा वास होताच. त्या दुपारी ते स्वतः बांधलेला शब्दकोश मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसले असता सून लॅपटॉप घेऊन आली.

“बाबा, ब्लॉगवर मला खो मिळालाय. हाताशी असेल ते पुस्तक घ्यायचं, बावन्नाव्या पानावरची पाचवी ओळ लिहायची आणि पुढे दोघांना खो द्यायचा. तुमचाच कोश घेऊ. वाचा बरं.”

“या वयात मला पळवतेस होय?” म्हणत त्यांनी पान उघडले.

स्वच्छ छापील अक्षरांत पाचवी ओळ होती: ‘दादा, माझ्यापाशी ती एकच प्रत होती.’

बाबांना दादा म्हणणारा एकच मनुष्य होता. तो धाकटा भाऊ जाऊन अठरा वर्षे लोटली होती. अकरा वर्षे खपून त्याने स्वहस्ते लिहिलेला ग्रंथ मोठ्या विश्वासाने बाबांकडे बांधायला दिला होता. जो तो त्याचीच वाहवा करी. ती बाबांना सोसवली नाही. त्यांनी ती पाने भिजवली, थरावर थर चिकटवून त्यांचे पुठ्ठे केले, आणि ‘दुकानातून गहाळ झाली’ असे सांगितले. शोधता शोधता भाऊ खंगून गेला. घरात मात्र बाबांचा शब्द आजही खाली पडत नसे.

“‘ऊन म्हणजे सूर्याचा ताप’,” बाबा म्हणाले. सुनेने तसेच लिहिले आणि नणंदेला व वर राहणाऱ्या काकूंना खो दिला.

घटकाभरात ती हसली. “ताईंनी बघा काय लिहिलंय! तुम्ही बांधून दिलेलं वृक्षांचं पुस्तक घेतलं म्हणे. ‘भिजवलीस, तरी अक्षरं लगेच सुटली नाहीत.’ झाडांना कसली अक्षरं?”

“छापणाऱ्याची चूक.” बाबांनी कोश मिटला. त्या पुस्तकाचा पुठ्ठाही त्याच पानांचा होता.

जिना वाजला. काकू, त्या भावाची पत्नी, खाली आल्या. त्यांच्या हातात, भाऊ गेल्यावर बाबांनीच बांधून दिलेली वही होती.

“भाऊजी, ही कोरीच ठेवली होती हो मी. खेळ म्हणून उघडली. अक्षर यांचं आहे.”

बावन्नाव्या पानावर एकच ओळ होती, पाचवी: ‘पुठ्ठा सोडव. मी आत आहे.’

काकूंनी कोमट पाण्याची परात त्यांच्यापुढे ठेवली.

“बांधलीत तुम्ही. सोडवाही तुम्हीच.”

“जुना कागद आहे. फाटेल.”

“फाटू दे.”

थर सुटू लागले. सून एकेक पान वाचत होती. तिसऱ्या पानाला ती थांबली. तिने बाबांकडे पाहिले आणि आपली खुर्ची मागे ओढली.

काकू रडल्या नाहीत. त्या पाने क्रमाने वाळत घालीत होत्या.

सर्वांत आतले पान निघाले. कोपऱ्यात आकडा होता: बावन्न.

पहिल्या चार ओळींची शाई फिकट झाली होती. पाचवीची बाबांच्या अंगठ्याला लागली.

‘पुढचा खो दादाला.’